नदीला जागा करून दिली तेव्हा

लग्न होऊन रंजनीअक्का तंजावरहून मद्रासला आल्या, तेव्हा गुरुराजरावांनी त्यांना नव्या स्कूटरवर बसवून शहर दाखवायला नेलं. पहिल्याच पुलावर स्कूटर थांबली. अक्कांना वाटलं, गाडी बंद पडली. गुरुराजराव उतरले, कठड्याशी गेले आणि वाकून खाली बघत राहिले. पुढच्या पुलावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या पुलावर अक्कांनी विचारलं, "कांहीं पडलं कां तुमचं?"

"पाणी बघतों," ते म्हणाले.

"त्यांत काय बघायचं? काळं, वास मारणारं."

"म्हणूनच बघतों."

ही गोष्ट अक्कांनी मला किती वेळा सांगितली असेल! सांगताना त्या हसायच्या आणि गुरुराजराव पेपरात तोंड घालून बसायचे.

मी मूळची सांगलीची. बँकेत लागले आणि बदली होऊन मैलापूरच्या शाखेत आले. मराठी माणसांच्या घरात वरचा मजला भाड्याने आहे असं कळल्यावर मी धावतच गेले. पण राव नवरा-बायकोचं मराठी सुरुवातीला मला निम्मंच कळायचं. त्यांचे पूर्वज शे-दोनशे नव्हे, तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेले. तेव्हाची भाषा घरात तशीच राहिली, आणि तिला सूर मात्र तमिळ लागला. 'या' म्हणायचं तर 'यवा', 'नको' म्हणायचं तर 'नोको', 'आहे' म्हणायचं तर 'अस्से'. माझं मराठी ऐकून अक्का म्हणाल्या होत्या, "ऊर्मी, तूं पेपरांत लिहिल्यासारखं बोलतेस गे."

त्यांचा एकुलता मुलगा वेंकट श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात होता. पाळ्यांमुळे त्याने तिकडेच खोली घेतली होती. त्यामुळे खाली ही दोघंच, आणि संध्याकाळी बहुतेक वेळा मी.

गुरुराजराव सरकारच्या नदीच्या खात्यात इंजिनिअर होते. उंच, सडसडीत, बोलण्यात सावकाश. कावेरीच्या पाटांमध्ये पोहत वाढलेला हा माणूस. त्यांच्या गावी पाटाला पाणी सुटलं की बायका हळदकुंकू घेऊन काठावर जात. "आमच्या गांवीं पाणी आणायला इंजिनिअर लागतो," ते म्हणत, "हितं घालवायला लागतो. सगळी नोकरी मी पाण्यास 'जा, जा' म्हणत काढली."

अक्का पालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. अड्यार नदीच्या अगदी काठावर एक वस्ती होती. आत्तंकरै म्हणत तिला. तमिळमध्ये त्याचा अर्थच नदीकाठ. त्या वस्तीच्या तोंडाशी ही शाळा. मुलं सगळी वस्तीतलीच. कुणाची आई घरकामाला, कुणाचा बाप रंगकामाला. घंटा झाली की मुलं घरातून पळत सुटायची आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत वर्गात असायची. पावसाळ्यात शाळेच्या ओट्यावरून नदी दिसायची.

त्या शाळेत दुपारचं जेवण रांधायला अलमेलू होती. तीही वस्तीतलीच. नवरा कधीच सोडून गेलेला, पदरात एक मुलगी पूंगोडी आणि तिच्या पाठचा मुलगा. बाई धिप्पाड आणि आवाज असा की सांबाराचा डाव तिने पातेल्यावर आपटला की वरच्या वर्गातली मुलंसुद्धा गप्प बसत. शिक्षकांनाही ती सोडायची नाही. "टीचर, त्या पोराला फळ्यापुढे मग उभं करा, आधी त्याला खाऊ दे," असं अक्कांना सगळ्यांसमोर बजावायची. अक्का आणि ती एकाच वर्षी त्या शाळेत लागल्या होत्या. एकमेकींच्या घरी जाणं-येणं नव्हतं, पण दुपारी मुलं जेवली की दोघी ओट्यावर बसून जेवायच्या. असं वर्षानुवर्षं.

२०१५ च्या डिसेंबरात पूर आला. चेन्नईत तेव्हा जे होते त्यांना तो वेगळा सांगायला नको. आमच्या गल्लीत पाणी पायऱ्यांपर्यंत येऊन थांबलं. मी सांगलीची, पुराचं मला नवल नव्हतं. पण कृष्णा निदान चढताना दिसते. इथे अड्यार एका रात्रीत चढली आणि आत्तंकरैची माणसं झोपेतून उठून शाळेच्या गच्चीवर पळाली.

अक्कांच्या तिसरीच्या वर्गात तेन्मोळी नावाची मुलगी होती. पुढचे दोन दात पडलेली. तिच्या आईने दोन धाकट्यांना कडेवर घेतलं आणि तेन्मोळीला सांगितलं, माझा पदर धर. शाळेच्या दारात आई पोचली तेव्हा पदर मोकळा होता.

पाणी ओसरल्यावर अक्का शाळेत जाऊन आल्या. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले नाहीत. चिखलाच्या पायांनीच स्वयंपाकघरात खाली बसल्या. गुरुराजराव आणि मी दोघंही तिथेच होतो.

"तुम्हांस एवढी विद्या अस्से," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं पुलावर उभे राहून पाणी बघितलांत. मग हें कां झालं?"

गुरुराजराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मग म्हणाले, "नदीस जागा नाहीं, रंजनी. दोन्ही बाजूंनी माणसं आंत सरकली. मोठ्या इमारतीही सरकल्या, झोपड्याही. जितकं पात्र पाहिजे त्याच्या निम्मंही उरलं नाहीं. पाणी जाईल कुठें?"

"मग जागा करून द्या तिला," अक्का म्हणाल्या. "माझं एक लेकरू गेलं. आणखी नोको."

पुढच्या वर्षी नदी रुंद करण्याचं काम निघालं आणि त्यातला एक टप्पा गुरुराजरावांकडे आला. ते काम त्यांनी मागून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण अंगात वारं शिरल्यासारखा झाला. सकाळी मोजणीला बाहेर पडायचे ते अंधार पडल्यावर यायचे. जेवताना पानात भाताचे दोन बांध घालायचे, मधून रसम सोडायचे आणि मला दाखवायचे, बघ, अरुंद ठेवलं की कसं वरून वाहतं. आता बांध मागे सरकव, बघ कसं निघून जातं. अक्का ओरडायच्या, "जेवण अस्से तें, धरण नव्हे!" पण त्यांनाही ते आवडत होतं. तेन्मोळीनंतर पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी पुढच्या पावसाळ्याबद्दल न भिता बोलत होतं.

मग एका रविवारी सकाळी अलमेलू आमच्या दारात उभी राहिली. ती कधी घरी आलेली नव्हती. अक्का "ये, बस" म्हणाल्या, पण ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"टीचर, माझ्या दारावर लाल रंगाने आकडा लिहून गेलेत. शेजारच्यांच्याही दारावर आहे. सगळ्या ओळीवर आहे. सारांना विचारा ना, तो आकडा कसला?"

तिचे 'सार', म्हणजे गुरुराजराव, आतून आले. आकडा कसला हे त्यांना माहीत होतंच. रेषा त्यांनीच आखली होती. पण त्यांनी ती नकाशावर आखली होती, आणि नकाशावर दारं नसतात. अलमेलूचं दार कुठलं, हे त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

"नदी रुंद करायची आहे," ते तमिळमध्ये म्हणाले. "वस्ती पात्रात येते आहे. तुम्हा सगळ्यांना सरकार पक्की घरं देणार आहे. चांगली. संडास-बाथरूम आत."

"कुठे?"

त्यांनी सांगितलं. शहराच्या पार दक्षिणेला, आयटीवाल्यांच्या रस्त्याच्याही पलीकडे, दलदलीच्या कडेला उंच इमारती बांधल्या होत्या, तिथे. अलमेलूने ते नाव पूर्वी ऐकलं नव्हतं.

"इथून किती लांब?"

"बसने दोन तास," गुरुराजराव म्हणाले.

अलमेलूने मान हलवली आणि गेली. अक्कांनी दार लावलं.

"शाळा रेषेच्या बाहेर अस्से," गुरुराजराव घाईने म्हणाले. "मी स्वतः बघून घेतलं. शाळेची एक वीटही हलणार नाहीं."

"आणि मुलं?"

त्यांनी लावलेल्या दाराकडे बघितलं.

"मुलं रेषेच्या आंत राहतात," अक्का म्हणाल्या. "हें बघितलंत नाहीं कां?"

काही आठवड्यांनी शाळेच्याच पटांगणात वस्तीची सभा झाली. हलवाहलवीचं काम दुसऱ्या खात्याचं होतं, पण नदीचं काम काय आहे हे लोकांना समजावून सांगायला गुरुराजरावांना बोलावलं. मी त्या दिवशी सुट्टीवर होते म्हणून अक्कांबरोबर गेले. माणसं चिडलेली होती. कुणी म्हणालं, इमारतीवाल्यांना का नाही हलवत?  गुरुराजराव म्हणाले: "ते माझ्या हातात नाही. पण तुम्ही इथे राहिलात तर पुढच्या पुरात पुन्हा मुलं जातील, हे मला माहीत आहे."  तेन्मोळीची आई पुढेच बसली होती.

तेव्हा अलमेलू उभी राहिली. "सार, एकच सांगा. तिकडे पूर येतो का?"

"तिकडे नदीच नाही, अम्मा," गुरुराजराव म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. तिकडे खरंच नदी नाही. अलमेलूला ते पटलं, आणि ती म्हणाली म्हणून आणखी पुष्कळांना पटलं.

ट्रक आले तेव्हा अक्का निरोप द्यायला गेल्या. लोकांनी भांडी घेतली, गाद्या घेतल्या, काहींनी दरवाजेसुद्धा बिजागऱ्यांसकट काढून घेतले. मागे पोकलेन थांबलेलेच होते. पूंगोडी तेव्हा चौथीत. सामानाच्या ढिगावर चढून बसली होती. गणितात कच्ची, पण प्रार्थना सांगायला वर्गात तिच्यासारखा आवाज कुणाचा नव्हता. ट्रक निघाला तशी वरून ओरडली, "टीचर, उद्या येते हां!"

आणि खरंच दुसऱ्या दिवशी आली. अलमेलूची नोकरी याच शाळेत होती, त्यामुळे पहाटे उठून, दोन बस बदलून ती यायची. अक्कांनी तिला सांगितलं होतं, पोरांना बरोबर आण, माझ्यापाशी राहू देत. दोन मुलं घेऊन अलमेलू रोज चार तासांचा प्रवास करू लागली. पूंगोडी दुसऱ्या तासालाच बाकावर डोकं टेकून झोपायची. अक्का तिला उठवत नसत. "झोपूं दे," मला म्हणाल्या, "मी शिकवलेलं कानांत जाईल तेवढं जाईल."

बाकीची मुलं मात्र येईनाशी झाली. पहिल्या महिन्यात काही आली, मग पावसात गळाली. वर्गात अक्कांचा आवाज घुमायला लागला. वर्षाच्या शेवटी आदेश आला, पट कमी असल्यामुळे शाळा दुसऱ्या शाळेत विलीन. शेवटच्या दिवशी अलमेलूने नेहमीच्या मोठ्या पातेल्यात सांबारभात केला. जेवायला मूठभर मुलं.

"एवढा कशाला ग केलास?" अक्कांनी विचारलं.

"हाताला थोडं करायची सवय नाही, टीचर."

दोघी ओट्यावर बसून जेवल्या. नदीच्या बाजूला भिंत उभी राहिली होती, तिथून आता पाणी दिसत नव्हतं. उरलेला भात अलमेलूने डब्यांत भरला आणि बसमध्ये नेला. तिची नोकरी गेली. तिकडे तिने इमारतीच्या जिन्याखाली इडल्या विकायला सुरुवात केली. अक्कांची बदली जवळच्याच शाळेत झाली.

त्या घरात भांडण झालेलं मी ऐकलं नाही. पण पानातले बांध थांबले. गुरुराजराव कामावरून येऊन मुकाट्याने जेवायचे. अक्का वाढायच्या, दही हवं का विचारायच्या. एकदा ते म्हणाले, "रंजनी, तूंच म्हणालीस जागा करून द्या म्हणून." अक्का म्हणाल्या, "होय. मीच म्हणालें." आणि आत गेल्या. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. अक्का अधूनमधून अलमेलूला फोन करायच्या. "येतें एक दिवस" म्हणायच्या. एक-दोनदा गेल्याही. मग करोना आला.

२०२३ चा डिसेंबर. चक्रीवादळ येणार म्हणून आधीच सुट्ट्या जाहीर झाल्या. गुरुराजरावांच्या सेवानिवृत्तीला काही महिने उरले होते. वादळाचे दोन दिवस ते नदीवरच होते. पाऊस असा की खिडकीतून समोरचं घर दिसेना. वीज गेली, फोन गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर हसू. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. छत्रीसुद्धा मिटायची राहिली.

"राहिली!" ते म्हणाले. "ऊर्मी, नदी भिंतींच्या आंत राहिली. मी उभा होतों. पुलाखालून नुसती वाहत गेली. आत्तंकरैच्या जागेवर एक थेंब वर आला नाहीं. रंजनी, ऐकतेस ना? पाणी कुणाच्या घरांत शिरलं नाहीं."

अक्का मेणबत्ती लावत होत्या. त्यांनी वळून पाहिलं.

"कुणाच्या घरांत?" त्यांनी विचारलं. "तिथें घर कुणाचं अस्से आतां?"

गुरुराजराव छत्री हातात धरून तसेच उभे राहिले. मग मिटली आणि कोपऱ्यात ठेवली.

फोन संध्याकाळी लागायला लागले. पहिला फोन पूंगोडीचा. अक्कांनी तो कानाला लावला, आणि पूंगोडी काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, पण अक्का पुन्हा पुन्हा एकच नाव विचारत होत्या, अलमेलूचं.

तिकडे नदी नव्हती. पण शहराच्या सगळ्या दक्षिण भागाचं पाणी ज्या दलदलीत उतरतं, तिच्या काठावरच त्या इमारती होत्या. पाणी वाहत आलं नाही, ते नुसतं वाढत गेलं, आणि जायला वाट नसल्यामुळे तिथेच थांबलं. तळमजला बुडाला. वरचे सगळे अडकले. अलमेलू तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी तिने जिन्याच्या चौकात चूल मांडून सगळ्या मजल्याला कांजी, म्हणजे तांदळाची पेज, घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळा सुरू झाल्या. फोन बंद. माणसं बाहेर काढायला नाव यायची, पण ती इमारतींच्या पलीकडच्या रांगांमध्ये होती. शेवटी चार पोरांनी तिला बाजेवर घातलं आणि बाज खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून मोठ्या रस्त्याकडे निघाली. पूंगोडी बाजेचा खूर धरून बरोबर चालत होती. रस्ता आला तेव्हा अलमेलू राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्का निघाल्या. गुरुराजराव म्हणाले, "मीही येतों." अक्का नको म्हणाल्या नाहीत. मीही गेले. शेवटचा टप्पा एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून काढला. दोन्हीकडे तपकिरी पाणी, त्यात उंच उंच एकसारख्या इमारती. गुरुराजराव एकदाही त्या पाण्याकडे बघायला वाकले नाहीत. समोर बघत राहिले.

अलमेलूचं सगळं उरकलं होतं. खोलीत तिची बहीण होती, शेजारच्याच इमारतीत राहणारी. पूंगोडी धाकट्या भावाचे ओले कपडे पिळत होती. चौदा वर्षांची झालेली, आईसारखीच उंच. अक्कांना बघून ती रडली. अक्कांनी तिला जवळ घेतलं. मग तिचं लक्ष दारात उभ्या असलेल्या गुरुराजरावांकडे गेलं.

"सार," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता इथे नदी नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी न समजलेली गोष्ट मोठ्या माणसाला विचारावी तसं तिने विचारलं.  गुरुराजरावांनी जिन्याच्या भिंतीला पाठ टेकवली आणि तिथेच पायरीवर बसले. शेजारच्या बायका वर-खाली जात होत्या, त्यांना वाट द्यायलाही ते उठले नाहीत. कुणीतरी त्यांना चहा आणून दिला. तो हातातच गार झाला.

परत निघताना अक्का पूंगोडीच्या मावशीला म्हणाल्या, मुलीला माझ्याकडे पाठव, मी शिकवते. मावशी म्हणाली, "आणि मुलाला कोण बघणार, टीचर? माझी मला तीन आहेत." पूंगोडीने स्वतःच मान हलवली. भावाला सोडून येणार नव्हती. शाळा तिने त्याच वर्षी सोडली.

गुरुराजराव वसंतात निवृत्त झाले. समारंभात शाल, हार आणि रुंद झालेल्या नदीचा मोठा फोटो मिळाला, वरून काढलेला. दोन सरळ भिंती, मधून पाणी. त्यांनी तो घरी आणून अक्कांच्या हातात दिला. "कुठें लावूं?" अक्कांनी विचारलं. "लावूं नोको," ते म्हणाले. वेंकटने नंतर तो आपल्या खोलीवर नेला. चांगलं काम होतं ते, वेंकट मला म्हणाला, बाबांचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. ते खरंच आहे. त्या पावसात अड्यारच्या काठची कितीतरी घरं वाचली. तिथल्या माणसांना गुरुराज राव हे नावही ठाऊक नाही.

अक्कांनी बदली मागून घेतली, त्या इमारतींच्या जवळच्या शाळेत. सेवेची थोडीच वर्षं उरलेली, पाय सुजतात, आणि रोज मैलापूरहून दोन तास जायचं, दोन तास यायचं. वेंकट रागावला. मीही म्हटलं, अक्का, आता या वयात कशाला? त्या म्हणाल्या, "ती रोज करीत होती ना? दोन लेकरं घेऊन." पूंगोडीचा भाऊ आता त्यांच्या वर्गात आहे.

पूंगोडी टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानात लागली. गेल्या वर्षी वेंकटचं लग्न ठरलं, म्हणून आम्ही साड्या घ्यायला गेलो तेव्हा अक्का मुद्दाम त्याच दुकानात गेल्या. गुरुराजराव आत आले नाहीत. समोरच्या फुटपाथवर, एका फुलवालीच्या शेजारी उभे राहिले. आत पूंगोडी दुकानाच्या गणवेशात होती. साड्या उलगडून दाखवायची, घडी घालायची, पुन्हा दुसरी. दिवसभर उभं राहायचं, बसायला परवानगी नाही. अक्कांना तिने रेशमातल्या चांगल्या पाच-सहा दाखवल्या आणि हळूच सांगितलं, ही घेऊ नका, रंग जातो.

मग विचारलं, "सार नाही आले?"

अक्कांनी बाहेर बोट दाखवलं. पूंगोडीने पर्यवेक्षकाला काहीतरी सांगितलं आणि रस्ता ओलांडून गेली. आम्ही मागोमाग. गुरुराजराव तिला बघून एक पाऊल मागे सरकले, फुलवालीच्या टोपलीला धक्का लागला.

"सार, आमच्या ब्लॉकच्या मागे मोठा नाला खणतायत," पूंगोडी म्हणाली. "सगळे म्हणतात, आता पाणी साठणार नाही. खरं आहे का?"

मी गुरुराजरावांकडे बघत होते. एरवी अशा प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार असायचं. त्यांनी आधी फुलवालीची टोपली सरळ केली. मग म्हणाले, "बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही, अम्मा. तुझी सुट्टी कधी?"

तिच्या सुट्टीच्या दिवशी ते गेले. अक्काही होत्या. नाल्याच्या काठाने तिघं सकाळपासून चालले, पार त्याच्या तोंडापर्यंत, जिथे तो दलदलीत मिळतो. गुरुराजराव मध्येच थांबायचे, उतरून तळाचा उतार बघायचे, पुन्हा वर यायचे. पूंगोडी त्यांची चप्पल हातात घेऊन उभी राहायची. उन्हं चढली तेव्हा एका टपरीच्या सावलीत बसून त्यांनी तिला सांगितलं. अक्कांनी मला ते जसंच्या तसं सांगितलं.

"दरवर्षीचा पाऊस हा नाला नेईल. काम वाईट नाही. पण तसं वादळ पुन्हा आलं, तर दलदलच भरलेली असेल. नाल्यातलं पाणी जाणार कुठे? तेव्हा पाणी साठणार. कमी दिवस राहील, पण साठणार."

"मग आम्ही काय करायचं?"

"वादळ येणार असं कळलं की एक दिवस आधी भावाला घेऊन आमच्याकडे यायचं. शेजारी कुणी आजारी असेल तर त्यालाही आधीच हलवायला सांगायचं. आणि कुणी म्हणालं की आता काही होणार नाही, तर ऐकायचं नाही. मी म्हणालो तरी नाही."

पूंगोडीने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "अम्माला हे कुणी सांगितलं असतं तर ती आली असती. तुमच्याकडे यायला ती लाजायची, पण आम्हाला घेऊन आली असती."

"होय," गुरुराजराव म्हणाले.

तिने त्यांची चप्पल खाली ठेवली. तिघंही बसस्टॉपकडे निघाले.

आता पाऊस लागला की खालच्या मजल्यावर फोन वाजतो. दुकानात जायच्या आधी पूंगोडी जिन्यात उभी राहून त्यांना सांगते, आज पाणी रस्त्यावर आहे, आज फाटकापाशी आहे, आज उतरलं. ते काही करू शकत नाहीत. हातात खातं नाही, माणसं नाहीत. "हं," म्हणतात, "मग?" आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत फोन कानाला धरून बसतात. तोवर अक्का पायात चप्पल चढवून, छत्री घेऊन दाराशी आलेल्या असतात. फोन ठेवला की ते अक्कांना सांगतात, आज कुठल्या बाजूने गेलीस तर पाय कोरडे राहतील. अक्का ऐकून घेतात आणि त्याच बाजूने जातात.